पत्रे उतरवणाऱ्यांना आधी शिकवा : बांधकाम कामगार मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ, मुंबई

प्रत : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महापालिका व नगरपालिकांचे बांधकाम विभाग

विषय : सिमेंटच्या (ॲस्बेस्टॉस) पत्र्यांवर काम करणाऱ्या कामगारांचे प्रशिक्षण आणि त्यांच्या कामाची नोंद

महोदय,

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना बजावले होते की, प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर संपेल तोवर जपून ठेवावी. इतका मोठा काळ ठरवण्याचे कारण सरळ आहे. ॲस्बेस्टॉस या खनिजाचा बारीक तंतू छातीत गेल्यापासून ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसे कडक होत जाण्याचा आजार), फुप्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) दिसू लागेपर्यंत १० ते ४० वर्षे जातात. कारखान्यातल्या माणसासाठी निदान कागदावर तरी ही सोय झाली. मजुरांच्या नाक्यावरून आज भिवंडीच्या गोदामाचे पत्रे उतरवायला आणि उद्या चाकणच्या शेडवर जाणाऱ्या माणसाची नोंद कोणी ठेवायची? त्याचा मालक दर आठवड्याला बदलतो. न बदलणारी एकच गोष्ट त्याच्याजवळ आहे, ती म्हणजे आपल्या मंडळाचा नोंदणी क्रमांक. म्हणून हे पत्र आपल्याला.

ॲस्बेस्टॉसवर बंदी हवी, असे आमचे मत आहे. पण तो वाद इथे बाजूला ठेवतो. उद्या बंदी आली तरी चाळी, शाळा, बाजार समित्या, एमआयडीसीतल्या शेड आणि गोठे यांच्यावर चढलेले पत्रे कधी ना कधी उतरवावे लागणार आणि ते माणसेच उतरवणार.

आधी धोक्याचे माप. बाजारातला नेहमीचा पन्हळी पत्रा ६ मिमी जाडीचा आणि १.०५ मीटर रुंद असतो. ३ मीटर लांबीच्या एका पत्र्याचे वजन साधारण ४० किलो भरते. त्यात वजनाने ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस असते, बाकी मुख्यतः सिमेंट आणि राख. जोड धरून १०० चौरस मीटर छपराला असे सुमारे ३५ पत्रे लागतात. म्हणजे १,४०० किलो माल, आणि त्यात शंभर किलोच्या वर ॲस्बेस्टॉस. पत्रा अखंड असेल आणि त्याला कोणी हात लावत नसेल, तर हे तंतू सिमेंटात जखडलेले असतात. त्यामुळे डोक्यावर सिमेंटचा पत्रा आहे म्हणून घाबरून तो घाईघाईने उतरवायला लावणे हे पत्रा तसाच राहू देण्यापेक्षा जास्त घातक ठरू शकते. प्रशिक्षणात ही गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत सांगितली पाहिजे, नाहीतर जागृतीच्या नावाखाली उलटाच उद्योग होतो.

तंतू सुटतात ते कटर मशीन चालवल्यावर, ड्रिल मारल्यावर, पत्रा वरून टाकल्यावर आणि तारेच्या ब्रशने खरवडल्यावर. या शेवटच्या कामाकडे कोणाचेच लक्ष नाही. कोकणात, मुंबईत पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षे पत्र्यावरचे सिमेंट झिजते, तंतू उघडे पडतात आणि शेवाळ त्यांना धरून ठेवते. मे महिन्यात गळती थांबवण्यासाठी डांबर किंवा वॉटरप्रूफिंगचा थर द्यायचा, म्हणून तेच सुकलेले शेवाळ कोरड्या ब्रशने काढले जाते. दोन माणसे दिवसभर ही धूळ खातात आणि घरमालकाला वाटते की साफसफाई चालली आहे. पाण्याच्या जेटने धुणे तर त्याहून वाईट. सगळा चिखल गटारात आणि शेजारच्या भिंतींवर जातो, आणि वाळला की पुन्हा हवेत उडतो. शेवाळ काढायचेच असेल तर ते आधी पूर्ण भिजवून प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढावे, निघालेला गाळ पिशवीत बंद करावा.

दिसणारी धूळ खाली बसते. छातीत खोल जाणारे तंतू दिसत नाहीत आणि बंद शेडमध्ये तासन्‌तास तरंगत राहतात. युरोपीय संघाने कामाच्या जागेची मर्यादा एका घनसेंटिमीटर हवेत ०.१ तंतू होती ती २०२३ च्या निर्देशाने ०.०१ वर आणली. आपल्याकडे छपरावरची हवा मोजायला कोणी येत नाही. म्हणूनच सारी भिस्त कामाच्या पद्धतीवर आहे, आणि पद्धत शिकवावी लागते.

ती पद्धत अशी.

पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसते पाहून ठरत नाही. बिनॲस्बेस्टॉसचे फायबर-सिमेंट पत्रेही आता मिळतात आणि रंग लावल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तपासणी झालेली नसेल तर आहे असेच धरून चालावे. नमुना घ्यायचा असेल तर आधीच तुटलेली कड भिजवून अंगठ्याएवढा तुकडा पकडीने काढावा, दोन झिप-पिशव्यांत घालावा आणि उघडी कड टेपने झाकावी.

चढण्याआधी खालची वीज मुख्य स्विचपासून बंद करावी, कारण पुढचे सगळे काम ओले आहे. खालचे सामान हलवावे. जे हलत नाही ते झाकावे. जमिनीवर २०० मायक्रॉनचे, म्हणजे दुकानात ८०० गेज म्हणून मिळते ते प्लॅस्टिक अंथरावे. आजूबाजूच्या खिडक्या बंद करून घ्याव्यात, चारी बाजूंनी किमान पाच मीटर दोरी बांधावी. चहाची टपरी त्या दोरीच्या आत नको, हे मुकादमाला स्पष्ट सांगावे लागते. वारा असेल त्या दिवशी काम करू नये.

आता पडण्याचा धोका. ॲस्बेस्टॉस तीस वर्षांनी मारेल, पण जुना सिमेंटचा पत्रा त्याच दुपारी माणसाला खाली पाडतो. वीस-पंचवीस वर्षांचा पत्रा माणसाचे वजन कधी घेतो, कधी घेत नाही. पाय द्यायच्या आधी ते कळत नाही. ‘हुकांच्या रांगेवरून चाला, खाली अँगल (पत्र्याला आधार देणारी लोखंडी आडवी पट्टी) असतो’ हा नाक्यावरचा सल्ला अर्धाच खरा आहे. पाय वीतभर सरकला की माणूस पन्हळीच्या पोकळीवर येतो, आणि आपण तर पत्रा ओला करायला सांगतो आहोत. म्हणून शक्य तिथे खालून, परांचीवरून किंवा लिफ्टवरून काम करावे. वर चढायचेच असेल तर निदान तीन अँगलांवर टेकेल अशी रुंद फळी टाकावी, पाय फक्त फळीवर, सेफ्टी बेल्टचा दोर पत्र्याच्या हुकाला न अडकवता कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला) किंवा स्वतंत्र आधाराला बांधावा आणि खाली जाळी लावावी. प्रशिक्षणात ॲस्बेस्टॉस आणि उंचीवरचे काम हे दोन वेगळे तास ठेवू नयेत. छपरावर ते वेगळे नसतात.

ओले करण्यासाठी शेतात वापरतात तो १६ लिटरचा पाठीवरचा फवारणी पंप उत्तम. लिटरला छोटा चमचाभर भांडी धुण्याचा लिक्विड साबण घातला की पाणी ओघळून न जाता पत्र्यात मुरते. फवारा बारीक आणि कमी दाबाचा हवा. संपूर्ण छप्पर एकदम चिंब करू नये, तासाभरात जेवढे पत्रे उतरवणार तेवढेच भिजवावेत. हुकांभोवती आणि जोडांवर जास्त, कारण पत्रा तिथेच फुटतो.

हुक बहुतेक गंजलेले असतात. इथे कामगाराचा हात आपोआप ग्राइंडरकडे जातो. ग्राइंडरच्या ठिणग्यांबरोबर पत्र्याची धूळ उडते, आणि चाक जरा खाली घसरले की सरळ पत्राच कापला जातो. त्याऐवजी नटाच्या खाली बोल्ट-कटर लावून हुक तोडावा. बोल्ट-कटर बसत नसेल तर भोवती ओले फडके गुंडाळून हॅक्सॉने कापावा. वायसरसकट तुटलेला भाग डब्यात टाकावा. उतरवण्याचा क्रम चढवण्याच्या उलट. आधी मोभावरचा रिजचा पत्रा, मग वरची रांग, शेवटी वळचणीची. खालून सुरुवात केली तर वरच्या पत्र्याखाली दबलेली कड ओढताना तुटते. एक पत्रा दोघांनी धरायचा, सरळ उचलायचा, घासत ओढायचा नाही. खाली देताना दोरीच्या झोळीतून किंवा हातोहात. वरून टाकायचा नाही, वाशांवरून घसरत सोडायचा नाही. तुकडे पिशवीत मावावेत म्हणून पत्रा मुद्दाम फोडणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. अखंड पत्रा अखंडच गुंडाळावा.

गुंडाळण्यासाठी तेच ८०० गेजचे प्लॅस्टिक, दोन थर, प्रत्येक थर टेपने बंद आणि वर मराठी-हिंदीत इशारा. क्रेन येऊ शकत असेल तर दहा-दहा पत्र्यांचा गठ्ठा, तो ४०० किलोंचा होतो. गल्लीत क्रेन जात नसेल तर दोन-दोन पत्रे, म्हणजे चार माणसे उचलू शकतात. फुटलेले तुकडे जाड पिशवीत घालून पिशवीची मान पिळून, वळवून टेपने बांधावी. १०० चौरस मीटर छपरासाठी, दहा-दहाचे गठ्ठे करायचे असतील तर, अंथरण्याचे आणि गुंडाळण्याचे मिळून अडीचशे चौरस मीटर तरी प्लॅस्टिक हाताशी असावे; दोन-दोनचे केले तर याहून बरेच जास्त. खाली सांडलेली धूळ कोरड्या झाडूने लोटू नये. साधा व्हॅक्युम क्लिनरही नको, तो बारीक तंतू मागच्या जाळीतून परत हवेत फेकतो. ओल्या फडक्याने पुसावे आणि फडकेही त्याच पिशवीत टाकावे.

मास्कबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण मंडळाच्या सुरक्षा संचात मास्क असतो. रुमाल, कापडी मास्क आणि निळा सर्जिकल मास्क या कामात शून्य आहेत. सिमेंटच्या पत्र्याच्या ओल्या कामाला एफएफपी३ दर्जाचा (बारीक कण अडवणाऱ्या एफएफपी मास्कांतला सर्वांत वरचा वर्ग) किंवा पी३ फिल्टर लावलेला रबरी अर्धमुखी मास्क हवा. एफएफपी२ ही शेवटची तडजोड. भारतीय मानक आयएस ९४७३ मध्ये हे एफएफपी वर्ग दिलेले आहेत आणि मास्कवर ते छापलेले असतात, तेव्हा संचाच्या खरेदीत ‘मास्क’ एवढाच शब्द न लिहिता वर्ग लिहावा. चांगला मास्कही दाढीवर बसत नाही. दोन दिवसांची खुंटे असली तरी कडेने हवा आत येते. मास्क बसला की नाही हे पाहण्याची एक स्वस्त चाचणी आहे. डोक्यावर टोपडे घालून आत सॅकरिनचा फवारा मारायचा. जिभेला गोड लागले तर मास्क गळतो आहे. ही चाचणी केल्याशिवाय मास्क वाटू नयेत. एकदाच वापरायचा मास्क एका पाळीपुरता असतो. तो दुपारी गळ्यात लटकवून संध्याकाळी पुन्हा लावला की बाहेरची धूळ आत जाते.

अंगावर टोपीसह एकदाच वापरायचा कव्हरॉल (सबंध अंग झाकणारा पोशाख), बाह्या हातमोज्यांवर टेप केलेल्या, आणि लेसचे बूट नकोत, गमबूट हवेत, कारण लेसच्या भोकांतली धूळ निघत नाही. विदर्भात मे महिन्यात हा पोशाख घालून दुपारी काम करायला लावणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. सकाळी सहा ते दहा काम, मधे पोशाख उतरवून पाणी पिण्याची सुटी, हे वेळापत्रक निविदेतच धरले पाहिजे. नाहीतर अकरा वाजता मास्क उतरणारच, आणि त्यात चूक कामगाराची नसेल.

पोशाख काढण्याचा क्रम हा सगळ्यांत जास्त चुकणारा भाग. बाहेर येताच बहुतेक जण आधी मास्क काढतात आणि मग कपडे झटकतात. बरोबर उलटे हवे. आधी कव्हरॉल ओल्या फडक्याने पुसायचा, बूट धुवायचे, मग कव्हरॉल आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवून पिशवीत टाकायचा, हातमोजे काढायचे, आणि मास्क सर्वांत शेवटी. त्यानंतर तोंड-हात, शक्यतो आंघोळ, मग जेवण. कामाचे कपडे घरी जाता कामा नयेत. नवऱ्याचे धुळीचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

आता उतरलेल्या पत्र्यांचे काय, हा प्रश्न. सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे आज खड्डे भरायला, गटारावर झाकण म्हणून, कोंबड्यांच्या खुराड्याला वापरले जातात. चांगले निघालेले पत्रे भंगारवाला गोठ्यासाठी विकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीत तुटलेल्या छपरांचा ढिगारा लोकांनी उघड्या हातांनी उपसला आणि नवे पत्रे अंगणातच कापले. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ॲस्बेस्टॉसचा कचरा येतो, त्याच्या विल्हेवाटीसाठी आयएस ११७६८ हे मानक आहे, आणि तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सुरक्षित भरावकेंद्रे आहेत. पण ती व्यवस्था कारखान्यांसाठी आहे. पस्तीस पत्रे घेऊन एखादा छोटा ठेकेदार तिथे गेला तर त्याला उभे कोण करणार? महापालिकेने प्रभागात एक झाकलेली, कुलूपबंद जागा ठेवून गुंडाळलेले पत्रे गोळा करावेत आणि स्वतःच्या नावावर केंद्रात पाठवावेत, एवढे केले तरी अर्धा प्रश्न सुटतो. आणि ‘निघालेला माल ठेकेदाराचा’ ही अट ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत निविदेतून काढून टाकावी. ती अट असेपर्यंत ठेकेदाराचा फायदा पत्रा विकण्यात आहे, गुंडाळण्यात नाही.

प्रशिक्षण कसे असावे, याबद्दल आमचा आग्रह असा की सगळ्यांना एकच वर्ग नको. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रंगारी, फॅब्रिकेटर यांना तीन तासांची ओळख पुरे : ॲस्बेस्टॉस कुठे असते, कशाला हात लावायचा नाही, चुकून फुटले तर काय करायचे. जुन्या पाणीपुरवठा योजनांतले एसी (ॲस्बेस्टॉस-सिमेंट) पाइप ग्राइंडरने कापणारे प्लंबर याच गटात येतात. हा वर्ग झाला म्हणून कोणी पत्रे उतरवायला पात्र ठरत नाही, हे प्रमाणपत्रावर ठळक छापावे. पत्रे उतरवणाऱ्यांसाठी दोन पूर्ण दिवस हवेत, आणि त्यातला दीड दिवस हातात अवजार. कमरेएवढ्या उंचीचा, ३ बाय २ मीटरचा लोखंडी सांगाडा करावा, त्यावर बिनॲस्बेस्टॉसचे फायबर-सिमेंट पत्रे गंजक्या हुकांनी बसवावेत आणि प्रत्येकाकडून उतरवून घ्यावेत. सरावाला खरा ॲस्बेस्टॉसचा पत्रा कधीही वापरू नये. पोशाख काढण्याच्या सरावाला गुलाल पुरतो. कव्हरॉलवर उधळा, नेहमीच्या सवयीने काढायला सांगा आणि मग नाकावर, मानेवर, हातांवर किती लागला ते आरशात दाखवा. स्लाइडच्या भाषणापेक्षा हे जास्त लक्षात राहते. हिंदी, आणि जिथे गरज आहे तिथे बंगाली, कन्नड, तेलुगू बोलणारा प्रशिक्षक असावा, कारण छपरावर चढणारा माणूस बऱ्याचदा मराठी नसतो. बुडालेल्या रोजंदारीची भरपाई सेसच्या (बांधकामांवरच्या उपकराच्या) निधीतून दिली नाही तर वर्ग रिकामा राहील.

तिसरा प्रकार वेगळाच ठेवावा. जुन्या साखर कारखान्यांच्या बॉयलरवरचे, वाफेच्या पाइपांवरचे भुसभुशीत लॅगिंग (उष्णता अडवणारे वेष्टण), आणि मुंबईच्या दारूखाना भागात जहाजे तोडताना निघणारा तसाच माल. तो हाताने चुरडतो आणि पत्र्याच्या कित्येक पट तंतू सोडतो. बंद तंबू, हवेचा दाब कमी ठेवणारे यंत्र, आंघोळीची खोली यांशिवाय त्याला हात लावू देऊ नये. दोन दिवसांचे प्रमाणपत्र दाखवून ऑफ-सीझनच्या दुरुस्तीत कंत्राटी कामगार तिथे उतरवले जातील, ही भीती आम्हाला आहे. संचालनालयाने यावर स्वतंत्र परवान्याची सक्ती करावी.

शेवटी नोंदीचा मुद्दा, कारण तो मंडळाखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही. प्रत्येक प्रशिक्षित कामगाराच्या नोंदणी क्रमांकाखाली एक साधे पान उघडावे : तारीख, ठिकाण, पत्रा की पाइप, किती तास, कोणता मास्क. मुकादमाने मोबाइलवरून दोन मिनिटांत भरावे असे. सुरुवातीला एकदा छातीचा एक्स-रे आणि फुंकणीची तपासणी, पुढे ठरावीक वर्षांनी पुन्हा. दुसऱ्याच दिवशी काढलेल्या एक्स-रेत काही दिसत नाही, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून तपासणी थांबवू नये. डॉक्टरांच्या अर्जावर ‘आधी कोणते काम केले?’ हा रकाना सक्तीचा करावा. तो नसतो म्हणून ॲस्बेस्टॉसिसचा रुग्ण क्षयाच्या गोळ्या खात खोकला बरा होण्याची वाट पाहतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हेही तिथेच सांगता येईल.

आणि इथे मंडळाच्या रचनेतली एक अडचण आहे. नोंदणी १८ ते ६० वयापर्यंतच असते आणि नूतनीकरण केले नाही तर बंद पडते. पण पस्तिसाव्या वर्षी पत्रे उतरवणाऱ्याचा आजार पासष्टाव्या वर्षी दिसेल. तेव्हा त्याच्याकडे ना चालू कार्ड असेल, ना मालकाचे नाव. म्हणून नोंदणी संपली तरी हे पान ४० वर्षे उघडे राहील, कामगाराला किंवा त्याच्या वारसाला त्याची प्रत मागता येईल आणि निदान झाले तर त्या पानाच्या आधारे मदत मिळेल, असा ठराव मंडळाने करावा. नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि जुने बांधकाम कामगार कायदे त्यांत सामावले गेले आहेत. नियम नव्याने बसवले जात असतानाच हे घालणे सोपे आहे.

पहिल्या तुकड्या ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या नाक्यांवरून घ्याव्यात आणि त्या फेब्रुवारीअखेर पूर्ण व्हाव्यात. पत्र्यांचे काम मार्चपासून वाढते, मे महिन्यात त्याला उसंत नसते. सांगाड्याचा आराखडा, दोन दिवसांचा तासवार कार्यक्रम आणि नोंदीच्या पानाचा नमुना मंडळाने मागितल्यास आम्ही विनामूल्य देऊ.

आपले,
छपरांचे काम आणि बांधकाम-सुरक्षा प्रशिक्षण या क्षेत्रांतले आम्ही काही जण